फॉरवर्ड मारण्याआधी एक मिनिट!

मोबाइलवर रोज युद्ध बघणाऱ्या आपल्या पिढीने ऐंशी वर्षांपूर्वीच्या रशियन कॅमेरामनकडून आणि घाटकोपरच्या एका शाहिराकडून काय शिकावं? अंधेरीतली एक एडिटिंग रूम, चिरागनगरची एक गल्ली आणि नव्वदीला टेकलेली एक आजी... एका फसलेल्या फॉरवर्डची ही गोष्ट.

कबुलीजबाबापासूनच सुरुवात करते. मे २०२५ मधली ती रात्र. सीमेवर धुमश्चक्री सुरू होती, टीव्हीवर सायरन वाजत होते आणि आमच्या घाटकोपरच्या सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जो तो संरक्षणतज्ज्ञ झाला होता. तेवढ्यात माझ्याकडे एक क्लिप आली. काळोखं आकाश, वर झेपावणारे गोळे, मग एक विमान पेट घेतं आणि खाली कोसळतं. अंगावर काटा आला. मी ती दोनदा पाहिली आणि ग्रुपवर टाकली. वर टिप्पणीही केली, ‘हे बघा, आत्ताचं फुटेज!’

पाच मिनिटांत तिसऱ्या मजल्यावरच्या नववीतल्या मुलाचा रिप्लाय. ‘ताई, हा व्हिडीओ गेम आहे. मी खेळतो हा.’ पुढे डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसणाऱ्या स्मायलींची रांग.

मंडळी, माझ्याकडे मास मीडियाची डिग्री आहे. ‘सोर्स तपासा’ या विषयावर मी चक्क दहा मार्कांचं उत्तर लिहिलंय. शेजारच्या खोलीत बसलेल्या आजीला मी तीच क्लिप दाखवली होती, तेव्हा तिने डोळे बारीक करून एकच प्रश्न विचारला होता, “कोणी काढलंय गं हे?” मी म्हटलं होतं, “अगं, ते महत्त्वाचं नाहीये!”

तर तेच महत्त्वाचं होतं. आणि ते समजायला मला मॉस्कोपर्यंत जावं लागलं. म्हणजे, व्हाया अंधेरी.

एक रीळ, एक मिनिट

माझा एक मित्र अंधेरीत एडिटर आहे. जाहिराती, वेब सीरिज, लग्नाचे व्हिडीओ, काहीही कापतो. पण त्याचं खरं वेड जुन्या डॉक्युमेंटरीजचं. घाटकोपरहून मेट्रो पकडून मी त्याच्याकडे गेले आणि सगळी रडकथा ऐकवली. तो हसला नाही. म्हणाला, “बस. तुला खरं वॉर फुटेज दाखवतो.”

स्क्रीनवर बर्फ. ब्लॅक अँड व्हाइट. रणगाड्यांमागून धावणारी माणसं. कॅमेरा हलतोय, कारण तो धरणाराही धावतोय.

२२ जून १९४१. रविवार. त्या दिवशी पहाटे हिटलरच्या फौजा सोव्हिएत युनियनमध्ये घुसल्या. त्यानंतरच्या चार वर्षांत अडीचशेहून जास्त सोव्हिएत कॅमेरामन आघाडीवर राहून शूटिंग करत होते. त्यांनी सुमारे ३५ लाख मीटर फिल्म चित्रित केली. आमच्या एडिटरने लगेच कॅल्क्युलेटर काढला. सलग बघायला बसलात, झोपही घेतली नाहीत, तरी जवळजवळ तीन महिने लागतील! या कॅमेरामनपैकी साधारण दर पाचातला एक परत आलाच नाही.

आणि हातात साधन काय? ‘आयमो’ नावाचा अमेरिकन कॅमेरा किंवा त्याच्याच धर्तीवर बनवलेला रशियन. बॅटरी नाही, घड्याळासारखी चावी द्यायची. आत शंभर फुटांचं रीळ. शंभर फूट म्हणजे एक मिनिट सात सेकंद. बस्स. मग आडोसा शोधायचा, रीळ बदलायचं, पुन्हा चावी द्यायची. थंडी अशी की कॅमेऱ्यातलं तेल गोठायचं.

म्हणजे बघा, आपण इन्स्टावर जेवढ्या लांबीचं रील करतो, जवळपास तेवढंच त्यांचंही रीळ. फरक एवढाच की कुठलं एक मिनिट खर्च करायचं हे त्यांना आधी ठरवावं लागायचं. आपण ठरवतच नाही. आधी शूट, मग विचार... तोही जमला तर!

ऑस्कर मिळवणारं युद्ध

या फुटेजमधून न्यूजरील तर निघायच्याच, पण मोठ्या फिल्म्सही बनल्या. १९४१ च्या हिवाळ्यात जर्मन सैन्य मॉस्कोच्या वेशीवरून मागे रेटलं गेलं आणि त्यावर लिओनिद वार्लामोव्ह आणि इल्या कोपालिन या दिग्दर्शकांनी फिल्म केली. ती १९४२ च्या फेब्रुवारीत पडद्यावर आलीसुद्धा! म्हणजे लढाईचा धूर अजून विरला नव्हता. अमेरिकेत ती ‘मॉस्को स्ट्राइक्स बॅक’ नावाने पोचली, एडवर्ड जी. रॉबिन्सन या हॉलिवूड स्टारच्या आवाजात. १९४३ मध्ये डॉक्युमेंटरीचं ऑस्कर चार फिल्म्सना विभागून दिलं गेलं, त्यातली एक ही. सोव्हिएत सिनेमाचं ते पहिलं ऑस्कर.

दुसरी फिल्म तर आयडियाच्या बाबतीत एकदम सॉलिड. नाव ‘युद्धाचा एक दिवस’. दिग्दर्शक मिखाईल स्लुत्स्की. १३ जून १९४२ या एकाच दिवशी १६० कॅमेरामन देशभर पसरले आणि दिवसभर जे घडलं ते टिपलं. आघाडीवरचं आणि आघाडीच्या मागे कारखान्यांतलंही. ‘तुमचा दिवस शूट करून पाठवा’ म्हणणाऱ्या आजकालच्या प्रोजेक्ट्सचे हे पणजोबा म्हणायला हरकत नाही.

त्यात बायकाही होत्या. मारिया सुखोवा ही कॅमेरावुमन बेलारूसच्या जंगलात, शत्रूच्या पिछाडीला लढणाऱ्या गनिमी तुकड्यांबरोबर राहून शूटिंग करत होती. १९४४ मध्ये तिथेच ती मारली गेली. व्लादिमीर सुश्चिन्स्की फेब्रुवारी १९४५ मध्ये ब्रेस्लाऊच्या लढाईत पडला. युद्ध संपायला तीन महिनेही उरले नव्हते. तो कोसळताना हातातला कॅमेरा चालूच होता. त्याच्यावर १९४६ मध्ये ‘आघाडीवरचा कॅमेरामन’ ही फिल्म निघाली.

मी गप्प. गळ्यात आवंढा. आणि नेमकं तेव्हाच मित्राने मला पकडलं.

स्टालिनचा श्वास कुठे गेला?

“हा सीन बघ,” तो म्हणाला. “काय चुकतंय सांग.”

मॉस्कोवरच्या त्याच ऑस्करवाल्या फिल्ममधला सीन. ७ नोव्हेंबर १९४१. रेड स्क्वेअरवर क्रांतिदिनाची परेड. वरून बर्फ पडतोय, सैनिक थेट परेडमधून आघाडीवर निघालेत. मग स्टालिन भाषण करताना दिसतो. मी तीनदा पाहिलं. मला तर काही चुकीचं दिसलं नाही.

“तोंडातून वाफ येतेय का?”

नव्हती येत! एवढ्या कडाक्याच्या थंडीत माणूस बोलतोय आणि तोंडातून वाफेचा पत्ता नाही.

गंमत अशी की, शत्रूच्या विमानांच्या भीतीने परेडची वेळ गुप्त ठेवली होती आणि ती ऐनवेळी अलीकडे आणली. आवाज रेकॉर्ड करणारं युनिट पोचेपर्यंत भाषण संपलंही होतं. आता एवढं ऐतिहासिक भाषण, आणि फिल्म नाही? मग क्रेमलिनच्या एका दालनात प्लायवूडचा खोटा चौथरा उभारला आणि स्टालिनने तेच भाषण पुन्हा केलं. हॉल गार करायला म्हणे खिडक्याही उघडल्या, पण वाफ काही आली नाही. हाच सीन खऱ्या परेडच्या दृश्यांत जोडून दिला.

परेड खरी. बर्फ खरा. त्यातले किती तरी सैनिक पुढे मेले, तेही खरं. भाषणही तेच. फक्त तो माणूस त्या जागी, त्या क्षणी बोलत नव्हता.

मग हे खोटं म्हणायचं की खरं? मित्र खांदे उडवून म्हणाला, “यार, म्हणून तर मी दर वेळी हा सीन सगळ्यांना दाखवतो.”

आणि जे दाखवलं गेलं त्याहून जास्त तर लपवलं गेलं. १९४१ मधली सोव्हिएत सैन्याची पळापळ, लाखोंनी कैद झालेले सैनिक, हे पडद्यावर येणं शक्यच नव्हतं. हा प्रचारच होता आणि कॅमेरामनला ते पक्कं माहीत होतं.

तरीही कोर्टात उभी राहिलेली फिल्म

इथेच लेख संपवून ‘सगळे खोटारडे’ असा शेरा मारता आला असता. पण पुढची गोष्ट ऐका.

जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत सैन्य पोलंडमधल्या मायदानेकच्या छळछावणीत पोचलं. सोबत रोमान कार्मेन हा त्या काळचा सर्वांत नावाजलेला कॅमेरामन होता. २७ जानेवारी १९४५ ला आउशवित्झ मुक्त झालं, तिथे अलेक्झांडर व्होरोन्त्सोव्ह आणि त्याचे सहकारी चित्रण करत होते. जगाला आज त्या छावण्यांची जी दृश्यं पाठ आहेत, त्यातली बरीचशी या माणसांनी घेतलेली. १९ फेब्रुवारी १९४६ ला न्युरेंबर्गच्या खटल्यात सोव्हिएत बाजूने याच फुटेजची फिल्म पुरावा म्हणून दाखवली. समोर आरोपींच्या पिंजऱ्यात गोअरिंग आणि मंडळी. खुद्द कार्मेननेही हा खटला चित्रित करून त्यावर ‘राष्ट्रांचा न्याय’ ही फिल्म केली.

आता विचार करा. एकाच देशाचे, एकाच पद्धतीचे कॅमेरे. एका ठिकाणी प्लायवूडचा चौथरा, दुसऱ्या ठिकाणी कोर्टात टिकणारा पुरावा. फरक कशाने पडला?

उत्तर अगदी कारकुनी आहे. कागदाने! आघाडीवरचा कॅमेरामन रीळ मॉस्कोला पाठवायचा तेव्हा सोबत एक तक्ता जोडायचा. कुठलं ठिकाण, कुठली तारीख, कुठल्या शॉटमध्ये काय आहे, आणि चित्रण करणाऱ्याचं नाव. आपल्या ऑफिसातल्या डेली रिपोर्टसारखाच! मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कमधल्या फिल्म-दफ्तरात आजही हे कागद जपलेत. त्यांच्याच आधारे इतिहासकार खरं-खोटं निवडतात. न्युरेंबर्गमध्येही फिल्मसोबत ती अस्सल असल्याची कागदपत्रं जोडली होती.

आजीचा प्रश्न आठवला. कोणी काढलंय गं हे?

तेव्हा आपली मुंबई काय करत होती?

रशियात हे सगळं चाललेलं असताना मुंबईतही युद्धाच्या फिल्म्स बनत होत्या. इंग्रज सरकारने १९४० मध्ये फिल्म अ‍ॅडव्हायजरी बोर्ड काढलं. काही काळ आपले व्ही. शांताराम तिथे मुख्य निर्माते होते, नंतर एझ्रा मीर आले. १९४३ पासून ‘इन्फर्मेशन फिल्म्स ऑफ इंडिया’ आणि ‘इंडियन न्यूज परेड’ ही न्यूजरील सुरू झाली. त्याच वर्षी भारत संरक्षण नियमांत एक कलम घालून थिएटरवाल्यांना सक्ती केली गेली. प्रत्येक खेळाला दोन हजार फुटांपर्यंत सरकारमान्य फिल्म दाखवायचीच. दोन हजार फूट म्हणजे साधारण बावीस मिनिटं.

पण कुणाचं युद्ध? १९४२ चा ‘चले जाव’ पेटलेला. नेते तुरुंगात. सातारा भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार उभं राहत होतं. परक्या सरकारने सक्तीने दाखवलेली ही फिल्म प्रेक्षकाला आपली वाटणार तरी कशी? त्यामुळे युद्ध संपल्यावर, १९४६ मध्ये, हे सगळं युनिटच बंद केलं गेलं. परिणाम? १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा तो क्षण टिपायला सरकारचं स्वतःचं फिल्म युनिटच नव्हतं! जे काही चित्रण झालं ते इतरांनी केलं. मग १९४८ मध्ये फिल्म्स डिव्हिजन आलं. पेडर रोडवरची ही संस्था २०२२ मध्ये एनएफडीसीत विलीन झाली.

पण मुंबईत त्याच सुमाराला आणखी एक ‘वॉर डॉक्युमेंटरी’ तयार होत होती. तिला ना कॅमेरा होता, ना रीळ. होता फक्त डफ.

चिरागनगरचा वॉर रिपोर्टर

माझ्या घरापासून चिरागनगर चालत दहा मिनिटांवर. घाटकोपर पश्चिमेची ही दाट वस्ती. अरुंद गल्ल्या, अंगावर येणाऱ्या बाइक्स, पाण्याचे निळे ड्रम. शाळेत जाताना रोज त्या बाजूने जायचे, पण इथे कोण राहत होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. इथल्या झोपडीत अनेक वर्षं राहिले अण्णाभाऊ साठे. ‘फकिरा’ लिहिणारे. ‘चिरागनगरची भुतं’ लिहिणारे.

वाटेगावात १ ऑगस्ट १९२० ला जन्म. शाळा जेमतेम दीड दिवस. वडिलांबरोबर पायी मुंबईत आलेला हा मुलगा हमाली, गिरणीकाम असं पडेल ते करत वाढला, कम्युनिस्ट चळवळीत आला. आणि १९४३ मध्ये त्याने चक्क ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ रचला.

टायमिंग बघा. स्टालिनग्राडची लढाई २ फेब्रुवारी १९४३ ला संपली. त्याच वर्षी वार्लामोव्हची ‘स्टालिनग्राड’ ही डॉक्युमेंटरी आली. प्रत्यक्ष उद्ध्वस्त गल्ल्यांत उभं राहून टिपलेली. आणि त्याच वर्षी, हजारो किलोमीटर दूर, व्होल्गा नदी कधीही न पाहिलेल्या बावीस-तेवीस वर्षांच्या कामगाराने तीच लढाई मराठीत उभी केली. गिरणगावातल्या, वर्तमानपत्र वाचता न येणाऱ्या माणसासाठी.

आता कुणी म्हणेल, पोवाडा आणि डॉक्युमेंटरी? काहीही हं! पण जरा मागे जा. १६५९ मध्ये अफझलखानाचा वध झाला, त्यावर अज्ञानदासाने पोवाडा रचला. तानाजीच्या सिंहगडावर तुळशीदासाचा पोवाडा आहे. सैन्य कसं निघालं, कोण कुठून चढलं, कोण पडलं... आपल्याकडे युद्धाची बातमी शेकडो वर्षं शाहीरच द्यायचा. अण्णाभाऊंनी जुनं यंत्र घेतलं आणि नवं रीळ घातलं, एवढंच.

१९४४ मध्ये अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांच्याबरोबर त्यांनी लाल बावटा कलापथक काढलं. बंगालच्या दुष्काळावर पोवाडा केला. पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड घराघरांत पोचली.

हाही प्रचारच होता, हे लपवण्यात अर्थ नाही. अण्णाभाऊ पक्षाचे कार्यकर्ते होते आणि पक्षाची बाजू सांगत होते. ‘चले जाव’च्या काळात ती बाजू अनेकांना पटलेलीही नव्हती. पण शाहीर तुमच्या समोर उभा असतो. तोंड दिसतं, आवाज ओळखता येतो. आणि जुन्या पोवाड्याच्या शेवटी शाहीर स्वतःचं नाव गुंफतो. नाममुद्रा म्हणतात तिला. म्हणजे हे मी सांगतोय, पटलं नाही तर मला येऊन विचारा!

क्रास्नोगोर्स्कच्या कागदावरची सही आणि शाहिराची नाममुद्रा, दोन्हींचं काम एकच. माझ्या त्या क्लिपवर मात्र कुणाचंच नाव नव्हतं.

आजीला काय आठवतं?

घरी आल्यावर आजीला सगळं सांगितलं. तिचं लहानपण परळच्या चाळीत गेलं. “पोवाडे ऐकायचात का गं तुम्ही?” मी विचारलं.

“ऐकायचो तर! मैदानात रात्री पेट्रोमॅक्स लावायचे. आम्ही पोरी पुढे बसायचो. डफ वाजला की छातीत धडधडायचं.” शाहीर कोण होता ते तिला आठवत नाही, विषयही आठवत नाही. “पण संपल्यावर माझे वडील पुढे जाऊन त्यांच्याशी भांडायचे,” ती हसत म्हणाली. “त्यांना त्यातलं सगळं पटायचं नाही ना! आणि शाहीरही बसून उत्तरं द्यायचे बरं का.”

फॉरवर्डशी कसं भांडणार?

१९६१ मध्ये अण्णाभाऊ खरोखरच रशियाला जाऊन आले. ‘माझा रशियाचा प्रवास’ हे त्यांचं पुस्तक त्यातूनच आलं. १८ जुलै १९६९ ला गोरेगावात ते गेले, हलाखीत. सप्टेंबर २०२२ मध्ये मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. आणि त्याच वर्षी, फेब्रुवारीपासून, रशियानेच युक्रेनवर चढाई केलेली होती. तिथलं युद्ध तेव्हा आपल्या सगळ्यांच्या फोनवर चालू होतं, खरं आणि खोटं एकत्र. इतिहास असे चिमटे काढतो!

परवा मी सोसायटीच्या ग्रुपवर माफी मागितली. उशिरा, पण मागितली. त्या नववीतल्या मुलाला वडापावची पार्टी दिली आणि त्याने मला गेमचं फुटेज ओळखायच्या चार युक्त्या शिकवल्या. आता कुठलीही क्लिप आली की मी आधी आजीकडे नेते. ती चष्मा लावते, एक मिनिट बघते आणि तोच प्रश्न विचारते. उत्तर नसेल तर क्लिप तिथेच थांबते.

वीकएण्डला ट्राय करा

• ‘मॉस्को स्ट्राइक्स बॅक’ (१९४२) : स्टालिनच्या भाषणाला पॉज करा आणि मित्रांना विचारा, काय चुकतंय?

• ‘युद्धाचा एक दिवस’ (१९४२) : सोळा नव्हे, एकशे साठ कॅमेरे. एडिटिंगची आवड असेल तर मस्ट.

• ‘माझा रशियाचा प्रवास’, अण्णाभाऊ साठे : छोटं पुस्तक. लोकलच्या चार-पाच फेऱ्यांत संपेल, विंडो सीट मिळाली तर आधीच.

• भारतीय चित्रपटाचं राष्ट्रीय संग्रहालय, पेडर रोड : जानेवारी २०१९ मध्ये सुरू झालेलं हे संग्रहालय आपल्या सिनेमाचा सगळा प्रवास मांडतं.

• क्लिप फॉरवर्ड करण्याआधी चार प्रश्न : कोणी काढली? कुठे? कधी? आणि हे सांगणारा माणूस समोर उभा राहील का?